विभक्तीच्या वाटेनं जपानी

जपानी शिकते म्हटलं की पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कंपनी कुठली? चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत काम करणारे, हिंजवडीत जपानी ग्राहकांची प्रोजेक्टं सांभाळणारे, जपानला जायची वाट बघणारे अशा सगळ्यांना जपानी लागते, त्यामुळे प्रश्न रास्तच. माझी कंपनी नाही. मी मराठी पुस्तकांचं मुद्रितशोधन करते, घरी बसून. वर्षानुवर्षं प्रुफं वाचून अक्षरं डोळ्यांना इतकी सवयीची झाली होती की पुन्हा एकदा निरक्षर होऊन बघावं असं मनात आलं. फ्रेंच-जर्मनमध्ये निरक्षर होता येत नाही, रोमन लिपी आडवी येते. जपानी बरी.

पुण्यात जपानी शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात तर जपानीचे पदवी अभ्यासक्रमही आहेत. मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जायचं ठरवलं, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. गणेशखिंडीतल्या मुख्य आवारापेक्षा हे ठिकाण मला जवळचं, आणि नोकरदारांना सोयीची वेळ असलेला वर्ग मिळत होता. अर्ज, मार्कशीट, फोटो, फी, यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त बारावीची मार्कशीट शोधायला माळ्यावर चढावं लागलं आणि आमच्या चिरंजीवांनी ती मोठ्या आवडीनं वाचून काढली.

वर्गात बहुतेक तिशीच्या आतले. इंजिनियर सर्वांत जास्त. दोन-तीन कॉलेजातली मुलं ॲनिमे बघून बघून आलेली, त्यांचे उच्चार पहिल्या दिवसापासून आम्हा सगळ्यांपेक्षा चांगले आणि बोलणं जरा उद्धट, कारण कार्टूनमधली पात्रं तसंच बोलतात. एक निवृत्त काका होते, त्यांची मुलगी ओसाकात राहते. आणि मी. शिकवायला मराठी बाई होत्या, पण त्यांना बाई किंवा मॅडम कोणी म्हणत नाही. पहिल्या तासापासून त्या ‘सेन्सेइ’. ‘सेन्सेइ, उद्या तास आहे का हो?’ हे वाक्य तिथं कुणालाच विचित्र वाटत नाही. त्यांनीही आम्हा सगळ्यांच्या आडनावांना ‘सान’ लावून टाकलं.

शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. वर्गात तमिळ होते, कानडी होते, दोघे हिंदीवाले होते, तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. पाठ्यपुस्तकाबरोबरच्या व्याकरणाच्या टिपाही इंग्रजीतच. पण माझ्या बाबतीत झालं असं, की इंग्रजीतून कळलेली गोष्ट परीक्षेपुरती राहिली आणि मराठीतून कळलेली डोक्यात बसली. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

सुरुवात हिरागाना या लिपीपासून. मूळ अक्षरं ४६. पहिल्या दिवशी फळ्यावर आ, इ, उ, ए, ओ आलं, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम बघून मी जागच्या जागी सरसावून बसले. क-वर्ग, त-वर्ग, मग म, य, र, व? हा तर आपल्या वर्णमालेचा क्रम. सेन्सेइंनी सांगितलं की हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत लिहायची सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानात गेली आणि तिच्या अभ्यासातून ही मांडणी आली. मधला ‘हा’ चुकीच्या जागी वाटतो ना? जुन्या जपानीत त्याचा उच्चार ‘पा’ होता असं अभ्यासक मानतात. ‘पा’ ठेवून बघा, प-वर्ग बरोब्बर म च्या आधी येतो. ‘सा’ आपल्या च-वर्गाच्या जागी बसलाय. मला हे इतकं आवडलं की त्या रात्री घरी भांडी घासताना मी दोन्ही बाराखड्या आळीपाळीनं म्हणत होते.

उच्चारात तर मराठी माणसाला आयतंच मिळतं. ‘ता’च्या ओळीत ता, चि, त्सु, ते, तो असा क्रम आहे. त्यातला ‘त्सु’ इंग्रजीतून शिकणाऱ्यांना छळतो. बिचारे ‘सु’ म्हणतात नाहीतर ‘टी-सू’. आपल्याकडे चुलीतला ‘चू’ आहे. चूल, चूक, चुना. आणि त्याच ओळीतला ‘चि’ म्हणजे चिमणीतला चि. मराठीतही ‘इ’ आली की च तालव्य होतो आणि ‘उ’पुढे बहुधा दंत्य राहतो. एकाच अक्षराचे दोन उच्चार आपण लहानपणापासून न शिकवता करतो आणि जपानी नेमकं तेच करते. ‘झु’साठी जुन्या-पुराण्यातला ‘जु’ पुरतो.

अनुस्वाराचं तेच. जपानीत एक ‘न्’ आहे जो एकटा उभा राहतो, आणि त्याचा उच्चार पुढच्या अक्षरावर ठरतो. प-ब-म पुढे आले की म्, त-द आले की न्, क-ग आले की ङ्. टिपांमध्ये यासाठी अर्धं पान खर्ची पडलेलं होतं. अंक, अंत, अंबा. झालं. परसवर्णावरून लेखकांशी हुज्जत घालण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, तेव्हा त्या दिवशी मला फार श्रीमंत वाटलं.

श्रीमंती फार टिकली नाही, कारण पुढे ऱ्हस्व-दीर्घ आलं. मी दिवसभर लोकांच्या वेलांट्या आणि उकार दुरुस्त करते, पण खरं सांगायचं तर बोलताना मराठी माणूस इकार-उकारांचं ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही. ते कागदावर असतं. जपानीत ते कानात असतं. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू किंवा तशा वयाची बाई, ‘ओबाSSसान’ म्हणजे आजी. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीरु’ म्हणजे बिअर. ऐकण्याच्या सरावात ही जोडी लागली की अख्खा वर्ग अंदाजपंचे हात वर करायचा. उलट जोडाक्षराचा ठसका आम्हाला लगेच ऐकू यायचा. ‘किते’ आणि ‘कित्ते’ यांत घोटाळा कुणाचाच झाला नाही. पक्का, कच्चा, सख्खा म्हणणाऱ्यांना काय अवघड आहे त्यात.

काताकाना ही दुसरी लिपी परदेशी शब्दांसाठी, म्हणजे आमच्या नावांसाठीसुद्धा. जपानीत ल नाही, जोडाक्षरं जवळपास नाहीत, ख-घ-भ तर नाहीतच. मग आपली आडनावं अशी होतात: कुलकर्णीचं कु-रु-का-रु-नि, देशपांडेचं दे-शु-पा-न्-दे, गोखल्यांचं गो-का-रे. दीर्घ ‘कारे’ म्हणजे जपानीत करी, त्यामुळे गोखल्यांना आयुष्यभराचं टोपणनाव मिळतं. काताकानातला ‘शि’ आणि ‘त्सु’ जवळपास सारखे दिसतात, ‘सो’ आणि ‘न्’ही तसेच. फरक फटकाऱ्याच्या दिशेचा. एकाचा लांब फटकारा खालून वर जातो, दुसऱ्याचा वरून खाली येतो. पेन्सिलीनं लिहिताना कळतं, छापलेलं वाचताना आजही मी अडखळते.

मग वाक्यं सुरू झाली. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि प्रश्न विचारायला वाक्याच्या टोकाला ‘का’ लावतात, हे पुण्यातल्या प्रत्येक जपानी वर्गात पहिल्या आठवड्यात सांगतात आणि सगळे दर वेळी तितकेच खूश होतात. ‘का’चा सारखेपणा निव्वळ योगायोग आहे. मला त्याचं एवढं कौतुक नाही. कौतुक आहे ते नामाच्या मागे लागणाऱ्या निपातांचं. ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, ‘नि’, ‘दे’, ‘तो’, ‘नो’, सगळे शब्दाच्या मागून येणारे. इंग्रजीतून शिकताना ‘फ्रॉम’ पुढचं मागे आणि मागचं पुढे करत बसावं लागतं. मराठीतून ‘पुण्यापासून मुंबईपर्यंत’ हे होतं तिथंच राहतं.

आता एक खरी अडचण आणि तिचा तोडगा. ‘मला मांजर आवडतं’ हे जपानीत म्हणताना मांजराला कर्माचा ‘ओ’ लावायचा नाही, कर्त्याचा ‘गा’ लावायचा. ‘मला जपानी समजते’ यातही जपानीला ‘गा’. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या डोक्यात ‘आय लाइक कॅट्स’ पक्कं बसलेलं, त्यात मांजर कर्म. त्यामुळे चाचणीत ‘ओ’च ‘ओ’. सेन्सेइ समजावून दमल्या. मराठीत बघा: मला मांजर आवडतं, मला मांजरी आवडतात. क्रियापद मांजराप्रमाणे बदलतं, मी तिथं नुसती चतुर्थीत उभी आहे. आवडणं, समजणं, येणं, दिसणं, ऐकू येणं, या सगळ्या ठिकाणी जपानी ‘गा’ वापरते आणि मराठी कर्ता बदलते. ही यादी मी वहीच्या शेवटच्या पानावर केली, आणि शेजारच्या तमिळ मुलाला दाखवली. तो म्हणाला, आमच्याकडे पण असंच आहे. म्हणजे श्रेय एकट्या मराठीचं नाही. आपापल्या घरच्या भाषेतून विचार केला तर बराचसा भारत जपानीच्या जवळ आहे, फक्त आपण इंग्रजीवरून वळसा घेऊन तिथं जातो.

आकडे. एक ते नव्व्याण्णव जपानीत इतके सरळ आहेत की आपल्या एकोणसाठ-एकोणसत्तरची लाज वाटावी. पण दहा हजाराला त्यांच्याकडे ‘मान’ नावाचं स्वतंत्र एकक आहे आणि पुढची सगळी गणती त्या पटीत चालते. लाख म्हणजे दहा मान, कोटी म्हणजे हजार मान, आणि दहा कोटींना ‘ओकु’. वर्गात सेन्सेइंनी कोथरूडच्या फ्लॅटची किंमत जपानीत सांगायला लावली, तर निवृत्त काकांनी आधी कोटीचे हजार, मग हजाराचे मान असं करत करत फ्लॅट चक्क परवडेल इतका स्वस्त करून टाकला.

वस्तू मोजायला मात्र वेगवेगळे प्रत्यय. लांबट वस्तूंना एक, पातळ चपट्यांना दुसरा, पुस्तकांना तिसरा, लहान प्राण्यांना चौथा. शिवाय आकड्याप्रमाणे उच्चार बदलतो: इप्पोन, निहोन, सान्बोन. माणसं मोजताना पहिल्या दोघांना खास शब्द, ‘हितोरि’ आणि ‘फुतारि’, मग तिघांपासून सरळ ‘निन’ लावून ‘सान्निन’, ‘योनिन’. आपणही दोघं, तिघं, चौघं म्हणतो आणि पाचाला ‘पाच जण’वर येतो, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करणार? तारखांना क्षमा नाही. चार तारीख ‘योक्का’ आणि आठ तारीख ‘योSSका’. मी कधी डॉक्टरची वेळ जपानीत घेतली तर चार दिवस आधी जाऊन बसेन.

पहिल्या सहामाहीनंतर वर्ग ओसरू लागला. जपानीत ‘ते-रूप’ नावाचं क्रियापदाचं एक रूप आहे, तिथं निम्मे गळतात असं जुने विद्यार्थी सांगायचे. क्रियापदांचे तीन गट, पहिल्या गटात शेवटच्या अक्षराप्रमाणे बदल, आणि ‘इकु’ म्हणजे जाणं हा सगळ्यांत लागणारा शब्द नेमका अपवाद. आम्ही पाढ्यांच्या चालीत पाठ केलं. रूप पाठ झालं तरी ते वापरायचं कुठं हे कळेना, कारण टिपांमध्ये त्याचे दहा-बारा वेगवेगळे उपयोग दहा-बारा वेगवेगळ्या इंग्रजी रचनांनी दिले होते.

एका संध्याकाळी गृहपाठ करताना मी सगळी उदाहरणं एकाखाली एक मराठीत लिहिली. ‘ताबेते मिरु’, खाऊन बघणं. ‘कात्ते ओकु’, विकत घेऊन ठेवणं. ‘वासुरेते शिमाउ’, विसरून जाणं. ‘मोत्ते कुरु’, घेऊन येणं. ‘मोत्ते इकु’, घेऊन जाणं. ‘मिरु’ म्हणजे बघणंच, ‘ओकु’ म्हणजे ठेवणंच. आपण जेव्हा म्हणतो ‘जरा चाखून बघ’, तेव्हा त्यात डोळ्यांनी बघण्याचा संबंध नसतो, करून पाहण्याचा असतो, आणि जपानी माणूसही त्याच क्रियापदाला तेच काम देतो. ‘उद्या पाहुणे येणारेत, दूध आणून ठेव’ यातलं ‘ठेव’ म्हणजे पुढच्या सोयीसाठी आधीच करणं. टिपांमध्ये याला पाच ओळींचं स्पष्टीकरण होतं. ‘ऊन’ प्रत्यय आणि त्याच्यामागे सहायक क्रियापद, एवढी एकच गोष्ट होती ती. दहा-बारा नियमांचा एक नियम झाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, यजमान झोपले होते, कुणाला सांगणार? निवृत्त काकांना व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं, ‘वा! मुलीला पाठवतो.’ जागेच होते.

पुढे विशेषण-वाक्यांचा धडा आला, तो मला वर्षभरातला सर्वांत आवडता. फळ्यावर सेन्सेइंनी लिहिलं, ‘किनो कात्ता होन’. मुलं इंग्रजीत मांडू लागली: पुस्तक, जे, मी, काल, घेतलं. मग ते शेवटून सुरुवातीकडे उलटं फिरवायचं, मधला ‘जे’ काढून टाकायचा, क्रियापद साध्या भूतकाळात न्यायचं. या उलटापालटीत कुणाचं ‘काल’ हरवायचं, कुणाचं पुस्तक वाक्याच्या पुढे यायचं. माझ्या वहीत तीन शब्द होते: काल घेतलेलं पुस्तक. सेन्सेइ बाकांमधून फिरत होत्या, त्यांनी वाकून वाचलं आणि म्हणाल्या, ‘मोठ्यानं वाचा.’ वाचलं. मराठी मुलांच्या बाजूनं एक लांबलचक ‘हांऽऽ’ आला.

त्या दिवशी सेन्सेइंनी पहिल्यांदाच ठरवून मराठीतून शिकवलं, आणि बाकीच्यांना आपापल्या भाषेत करून बघा म्हणाल्या. आईनं केलेला लाडू. उद्या येणारे पाहुणे. न घेतलेलं औषध. जपानीत झालेल्या गोष्टीसाठी भूतकाळी रूप, व्हायच्या गोष्टीसाठी साधं रूप. मराठीत -लेला आणि -णारा. आईला तिथं वाक्याचा विषय दाखवणारा ‘वा’ लावायचा नाही, ‘गा’ लावायचा, हाही नियम ‘आईनं’मुळे लक्षात राहिला. तासाच्या शेवटी लांबी वाढवण्याची चढाओढ लागली. ‘काल मंडईत भेटलेल्या बाईंनी सांगितलेल्या दुकानात मिळणारं लोणचं’ हे एका दमात जपानीत झालं. इंग्रजीतून गेलो असतो तर लोणचं नासलं असतं.

सगळं असं जुळत नाही, हेही सांगायला हवं. जपानी विशेषणं काळाप्रमाणे चालतात. ‘गरम’ला स्वतःचा भूतकाळ असतो, ‘अत्सुइ’चं ‘अत्सुकात्ता’ होतं. आपण ‘होतं’ लावून मोकळे होतो, म्हणून आम्ही सगळे ‘अत्सुइ देश्ता’ म्हणून चाचणीत गुण घालवायचो. ‘वा’ आणि ‘गा’ यांतला फरक मला ‘मी तर’ आणि ‘मीच’ अशा फोडीनं अर्धामुर्धा कळतो, उरलेला कळत नाही. आणि लिंग-वचनाचा जाच नसल्यानं जे सुख मिळतं, ते सगळं कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, वसूल करून घेते.

कांजीबद्दल मी कमी लिहिणार आहे, कारण तिथं मराठीचा काही उपयोग नाही. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २१३६ कांजी आहेत, त्यातल्या १०२६ तिथली मुलं प्राथमिक शाळेत शिकतात. आम्ही गणिताच्या चौकटीच्या वह्या आणल्या. एक चौकोन, एक चिन्ह. फटकाऱ्यांचा क्रम ठरलेला: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आधी आडवी मग उभी. ‘उजवा’ आणि ‘डावा’ या दोन कांजींचा वरचा भाग हुबेहूब सारखा दिसतो, एक आडवी रेघ आणि तिला छेदून जाणारी तिरकी. पण डाव्यात आधी आडवी काढायची आणि उजव्यात आधी तिरकी. ‘का?’ असं कॉलेजच्या मुलानं विचारलं. सेन्सेइंनी जुन्या लिखाणातले हात कसे काढायचे ते फळ्यावर दाखवलं आणि मग म्हणाल्या, ‘पटलं नसेल तर पाठ करा.’ वाचनाचा गोंधळ वेगळाच. रविवार लिहिताना सूर्याचं एकच चिन्ह दोनदा येतं, पहिल्यांदा त्याला ‘निचि’ म्हणायचं आणि दुसऱ्यांदा ‘बि’. वारांची नावं मात्र ओळखीची निघाली. रवि, सोम, मग अग्नीचा तारा मंगळ, पाण्याचा बुध, लाकडाचा गुरू, धातूचा शुक्र, मातीचा शनी. ग्रह तेच, क्रम तोच. हेही बौद्ध ग्रंथांबरोबरच तिकडे गेलेलं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा, असते. दुसरी संधी जुलैच्या पहिल्या रविवारी. पुणे हे या परीक्षेचं केंद्र आहे, त्यामुळे मुंबई गाठावी लागत नाही. एन-५ सर्वांत खालची पातळी, एन-१ सर्वांत वरची. २०१० पूर्वी चारच पातळ्या होत्या आणि तेव्हाच्या चौथ्या पातळीला साधारण १०० कांजी, ८०० शब्द अपेक्षित असत. आजही सगळे त्याच अंदाजानं एन-५ची तयारी करतात. एकूण गुण १८०, पास व्हायला ८०. पण एवढ्यानं भागत नाही. भाषाज्ञान आणि वाचन मिळून १२० पैकी निदान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी निदान १९ पडावे लागतात. एका विभागात कमी पडलात तर बाकी कितीही चांगलं असलं तरी नापास. सगळे प्रश्न पर्यायांचे. एक अक्षर लिहावं लागत नाही की एक वाक्य बोलावं लागत नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत निबंध असतो, तोंडी असते, समोर बसलेल्या सेन्सेइ अचानक ‘तुमच्या घरी कोण कोण असतं’ विचारतात. माझ्या मते भाषा येते की नाही हे त्यात कळतं. नोकरी देणाऱ्यांना मात्र जेएलपीटीचं प्रमाणपत्र हवं असतं, म्हणून वर्गातले बहुतेक जण दोन्ही देतात.

परीक्षेच्या खोलीत सर्वांत वयस्कर आम्ही दोघं, काका आणि मी. पुढच्या बाकावर आठवी-नववीतली मुलगी होती, तिनं सांडगी मिरची छापलेल्या पाउचमधून तीन टोक केलेल्या पेन्सिली काढून ओळीनं मांडल्या. वाचनाचा भाग बरा गेला. ऐकण्याचा भाग एकदाच वाजतो, परत लावत नाहीत. पहिल्या प्रश्नाला बाहेर कुणाच्या तरी दुचाकीचा हॉर्न वाजला आणि त्या बाईनं स्टेशनवर किती वाजता भेटायचं ठरवलं ते गेलंच. दुसऱ्यापासून मी खिडकीकडे बघणं बंद केलं. जानेवारीच्या शेवटी निकाल ऑनलाइन लागला. दोघंही पास, आणि मला ऐकण्यात त्यांच्याहून कमी. काका रोज मुलीशी आणि जपानी जावयाशी बोलतात, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

सर्टिफिकेटनंतर डिप्लोमाला जायचं की थांबायचं यावर वर्गाच्या ग्रुपवर बरीच चर्चा झाली. इंजिनियरांपैकी काहींना कंपनीनंच एन-४पर्यंतचे पैसे देऊ केले होते, ते खाजगी क्लासला गेले, तिथं परीक्षेचीच तयारी घेतात आणि वेळ कमी लागतो. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. ज्याला एका वर्षात जपानला जायचंय त्यानं विद्यापीठाच्या वेळापत्रकात अडकू नये असं मीही सांगेन. ॲनिमेवाल्यांपैकी एक टिकला. तमिळ मुलगा टिकला. काका म्हणाले, नातवाशी बोलण्यापुरतं आलं, पण आता नातू मराठी शिकतोय, म्हणून मी थांबतो.

मी डिप्लोमाला आहे. सध्या देण्याघेण्याची क्रियापदं चालू आहेत. मी दुसऱ्याला दिलं तर एक क्रियापद, दुसऱ्यानं मला दिलं तर वेगळं, आणि मला मिळालं तर तिसरं. मराठीत पहिल्या दोन्हींना ‘देणं’च आहे, तिथं काही मदत नाही. पण ही क्रियापदं ते-रूपाला जोडली की पुन्हा आपली वाट सापडते. ‘नाओशिते मोराउ’, दुरुस्त करून घेणं. ज्याच्याकडून करून घेतलं त्याला ‘नि’, आपल्याकडे ‘कडून’. सेन्सेइंकडून निबंध तपासून घेतला, शेजाऱ्याकडून गाडी काढून घेतली, मुलाकडून फॉर्म भरून घेतला. गेल्या गृहपाठात अशी वाक्यं लिहायची होती आणि मला थांबवावं लागलं, कारण घरातली निम्मी कामं मी कुणाकडून तरी करून घेत असते हे वाचून सेन्सेइंनी समासात ‘ताइहेन देसु ने’, म्हणजे ‘फार हाल आहेत हो’, असा लाल शेरा मारला. कुणाचे हाल ते लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यापासून आदरार्थी भाषा सुरू होतेय. अहो-जाहो आम्हाला येतं म्हणून मी निवांत होते, तर सेन्सेइ म्हणाल्या की स्वतःला खाली उतरवणारी क्रियापदं वेगळी आणि समोरच्याला वर चढवणारी वेगळी, तेव्हा जुन्या पेशवेकालीन पत्रांचे मायने आठवत असतील तर आठवून या. कपाटातून तशी दोन पुस्तकं काढून ठेवली आहेत. ‘दाशिते ओकिमाश्ता.’